घरामागे लावलेल्या फील्ड पीजचे वेल माजलेत, शेंग एकही नाही. काय चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या जॉर्जियात घरामागे फील्ड पीज लावलेत, दर पंधरा दिवसांनी लॉनचं खत देताय, वेल कुंपणावर चढलेत, पण शेंग नाही. शिवाय शेंगा लागल्याच तर हिरव्या काढायच्या की वाळल्यावर, हेही विचारलंय.

खत बंद करा. आजच. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

याच विषयावरून आमच्या घरात चार वर्षं वाद चालू आहे, म्हणून जरा लांबण लावते. आम्हीही जॉर्जियातच, लाल चिकणमातीत. फील्ड पीज म्हणजे मटार नव्हे, चवळीच. मूळची आफ्रिकेतली, गुलामांच्या जहाजांबरोबर इकडे आलेली. तिला गारठा सोसत नाही आणि लाडही सोसत नाहीत. मी पिंकआय पर्पल हल या जातीच्या बियांचं एक पाकीट आणून एप्रिलअखेर दोन ओळी पेरल्या होत्या. नवऱ्याला त्या वर्षी लॉनचं वेड लागलेलं. पोत्यात खत उरलं, तर वाया कशाला घालवा म्हणून त्याने ते माझ्या पहिल्या ओळीला घातलं. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचायच्या आत पोतं संपलं, एवढीच तिची पुण्याई. (त्यात तणनाशक मिसळलेलं नव्हतं हे नशीब. तुमचं पोतं मात्र तपासा. मिसळलेलं असतं तर आमची चवळी जगलीच नसती.)

जुलैत पहिली ओळ बघायला शेजारी यायचे. काळपट हिरवी, तळहाताएवढी पानं, वेल एसीच्या बाहेरच्या डब्यावर चढलेले. शेंगा शोधून शोधून तीन. दुसरी ओळ फिकट, गुडघ्याएवढी, पण प्रत्येक देठावर पाल्याच्या वर शेंगांच्या जोड्या शिंगांसारख्या उभ्या. नवऱ्याचं म्हणणं, "तिकडे ऊन जास्त येतं." ऊन मोजून झालं, सारखंच निघालं. मग म्हणे बी खराब. अरे, दोन्ही ओळींत एकाच पाकिटातलं बी आहे!

शेवटी मी खुरपं घेतलं, दोन्हीकडचं एकेक झाड मुळासकट काढलं आणि बादलीत धुतलं. दुसऱ्या ओळीच्या मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडलेल्या. नखाने एक फोडली तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे: आतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतायत. पहिल्या ओळीची मुळं जवळजवळ बोडकी. आयता नत्र मिळाल्यावर झाड गाठी करायच्या भानगडीत पडत नाही, आणि तो सगळा नत्र पाल्यात घालतं. खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात ना, त्यातला पहिला नत्राचा. आमच्या पोत्यावर तो २९ होता.

यावर आमचे बागतज्ज्ञ काय म्हणाले असतील? गाठींचं झाड हातात घेऊन, "हे बघ, तुझ्याच मुळांना कीड लागलीय." आता, इथल्या जमिनीत सूत्रकृमीही (मुळांत शिरणारे बारीक जंत) असतात आणि त्यांच्याही गाठी होतात, हे खरं. पण चवळीची गाठ मुळाला बाहेरून चिकटलेली असते, बोटाने घासली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते सुटत नाही. मी त्याच्यासमोर घासून दाखवली. सुटली. त्याने विषय बदलला.

तर तुम्ही वेल उपटू नका. खत थांबवा, पाणी बेताचं द्या, उशिरा का होईना फुलं येतील. वाट बघायची नसेल तर खत न पडलेल्या जागी नवं बी टाका, इंचभर खोल, तीन-चार इंचांवर. जुलैतही टाकता येतं, थंडीच्या आत लागणारे दोन-सव्वादोन महिने मिळतात. फुलं सकाळी बघा, दुपारपर्यंत मिटतात. देठांशी मुंग्या दिसल्या म्हणून फवारू नका, तिथे चवळी स्वतःच गोड रस सोडते. मावा आहे का तेवढं बघा.

खत हे एकच कारण असतं असं नाही, हेही सांगायला हवं. चवळीच्या काही जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलतच नाहीत, आणि रात्रीसुद्धा उकाडा हटत नसेल तर कळ्या-फुलं गळतात. म्हणजे बियाण्याचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. आमच्या वाफ्यात तो नव्हता. (हा परिच्छेद आमच्या घरात कोणी वाचून दाखवू नये.)

शेंगांचं म्हणाल तर तुम्हाला जशा हव्यात तशा काढा. कोवळ्या मोडून भाजीला. दाणे सोलायचे तर शेंग टचटचीत भरलेली पण अजून लवचिक हवी. पर्पल हल असेल तर जांभळी झाली की काढा, बोटं रंगतील. दोन-तीन दिवसांआड तोडत राहा, कारण शेंगा वेलावर निबर व्हायला लागल्या की झाड नवी फुलं धरायचा कंटाळा करतं. शेंगेवर बारीक फोड दिसले तर काळा सोंड्या किडा आहे असं समजा. हात लागला की तो मेल्याचं सोंग घेऊन खाली पडतो. त्या शेंगा वेगळ्या काढा, दाण्यात अळी असते.

वाळवायच्या शेंगा खुळखुळायला लागल्या की काढा, दाणे सोलून आणखी कडक वाळवा आणि बरणी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत दाण्यांना गोल भोकं पडतात. फ्रीझरमध्ये बी मरतं असंही आमच्याकडे एकाचं ठाम मत आहे. दाणा खडखडीत वाळलेला असेल तर मरत नाही. यंदाची अख्खी ओळ त्याच बरणीतली आहे.