पोलाद कारखान्यांत वाफेची इंजिने इतकी वर्षे का टिकली?

चीनमधील एका पोलाद कारखान्यात एकविसाव्या शतकातही वाफेचे इंजिन वाघिणी ढकलत असल्याची चित्रफीत आपण पाहिली. त्यावरून, मुख्य रेल्वेने केव्हाच निवृत्त केलेली ही इंजिने कारखान्यांनी एवढी वर्षे का सांभाळली, स्वस्त मजुरी हेच त्यामागचे कारण होते का, आणि आपल्याकडेही असे होते का, असे आपण विचारले आहे.

माझ्या नोकरीची पहिली साडेचार वर्षे पूर्व भारतातील एका पोलाद कारखान्याच्या लोको शेडमध्ये, बॉयलर दुरुस्तीच्या विभागात गेली. पुढे निवृत्तीपर्यंत मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील निरनिराळ्या कारखान्यांच्या बॉयलरांवर काम केले आणि आता कळव्याला असतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे वाचून आणि बरेचसे हात काळे करून मिळालेले आहे. स्वस्त मजुरीचा त्यात वाटा होता, हे खरे. पण मुख्य कारण ते नव्हे. कारखान्याच्या कुंपणाच्या आत इंजिनाला जे काम करावे लागते ते रेल्वेच्या कामाहून मुळातच वेगळे असते आणि त्या कामासाठी वाफेच्या इंजिनाला जे जे लागते ते सगळे तिथे आधीपासूनच हजर असते.

आधी कामाचे स्वरूप पाहू. रेल्वेचे इंजिन गाडी घेऊन निघते आणि शेकडो किलोमीटर धावते. पोलाद कारखान्यातले इंजिन दिवसभरात क्वचितच सलग दोन किलोमीटर जात असेल. झोतभट्टीतून दर काही तासांनी वितळलेले लोखंड काढतात. सुमारे १,४५० ते १,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा तो रस मोठ्या पात्रांत, म्हणजे लॅडलमध्ये, ओतला जातो आणि तो निवण्याच्या आत ही पात्रे पोलाद वितळशाळेपर्यंत न्यावी लागतात. लोखंडाबरोबर धातुमळीही निघते. आम्ही तिला स्लॅगच म्हणत असू. आपल्या कोळशात राख जास्त असल्यामुळे ती प्रमाणाबाहेर निघते आणि तिची पात्रे उकिरड्याच्या टेकडीवर नेऊन ओतावी लागतात. रात्रपाळीला ती ओतली जात असताना शेडच्या पत्र्यांच्या फटींतून तांबडा उजेड आत येत असे आणि त्या उजेडात हातातला पाना स्पष्ट दिसत असे. याशिवाय पोलादाचे ठोकळे, साचे, चुनखडी, कोक आणि भंगार यांची ने-आण चालूच असायची. म्हणजे काम असे की अर्धा तास जागच्या जागी वाट पाहायची, मग शे-दोनशे टन वजन एका झटक्यात हलवायचे, पाचशे मीटर न्यायचे, थांबवायचे आणि पुन्हा वाट पाहायची.

या कामाला वाफेचे इंजिन फार चांगले जमते. सिलिंडरमध्ये वाफ शिरली की दट्ट्यावर पूर्ण दाब येतो. मग चाक फिरत असो वा नसो. दोन बाजूंचे दट्टे एकमेकांशी काटकोनात जोडलेले असल्याने एक मृतबिंदूवर असला तरी दुसरा जोर लावू शकतो. म्हणून इंजिनाचा सर्वांत मोठा जोर ते उभे असतानाच मिळतो. ओझे फारच जास्त झाले तर चाके घसरतात किंवा इंजिन नुसते थांबून राहते, पण त्याचे काही बिघडत नाही. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनाच्या मोटरीला मात्र ओझ्याखाली असे अडकून राहिलेले सोसत नाही. विद्युतप्रवाह वाढतो, वेटोळी तापतात आणि थोड्या वेळात जळतात. त्यातच झोतभट्टीखालची लोखंडाची बारीक धूळ, उडणारे थेंब आणि वरून येणारी धग यांची भर पडते. वाफेच्या इंजिनात बिघडण्यासारखे नाजूक असे फारसे काही नसतेच. ते स्वतःच एक भट्टी आहे. शेजारच्या भट्टीचे त्याला काय!

आमच्याकडची बहुतेक इंजिने लहान चणीची होती. चार किंवा सहा चाके, पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरच्या पाठीवर टाकलेली, कोळसा केबिनच्या मागच्या खणात. कोळसा-पाण्यासाठी मागे जोडलेला वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. त्यामुळे सगळे वजन जोर लावणाऱ्या चाकांवरच पडायचे आणि चाकांमधले अंतर कमी असल्याने कारखान्यातली अगदी आखूड वळणेही ती सहज घेत. पाण्याची टाकी मोठी नसली तरी बिघडत नसे, कारण नळ कधीच दूर नव्हता.

आता खर्चाचा मुद्दा घेऊ. वाफेच्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता जेमतेम सहा ते आठ टक्के असते, हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पण इंधनाचा हिशेब टक्क्यांत नव्हे, रुपयांत होतो. पोलाद कारखान्यात कोळसा रोज गाड्याच्या गाड्या भरून येतोच. डिझेल मात्र परदेशी चलन मोजून आणायच्या तेलातून मिळायचे आणि १९७३ नंतर त्याचे भाव कुठच्या कुठे गेले. डिझेल इंजिने तरी सुरुवातीला आयातच करावी लागत होती. वाराणसीच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले ते १९६४ मध्ये, आणि त्या इंजिनांवर पहिला हक्क साहजिकच रेल्वेचा होता. दुसरी गोष्ट सुट्या भागांची. पोलाद कारखान्याजवळ स्वतःची फाउंड्री, घणाची शाळा, लेथ आणि कसबी कारागीर असतात. ब्रेकचे ठोकळे, शेगडीच्या पट्ट्या, बेअरिंगची पितळे, अगदी दट्ट्याच्या कड्यासुद्धा आम्ही आवारातच ओतून आणि कातून घेत असू. डिझेल इंजिनाचा इंधन पंप बिघडला तर पार्सलची वाट पाहण्यावाचून इलाज नसे.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते विषयाला धरूनच आहे. घोडबंदर रोडवर रोज आपल्याला अडवणाऱ्या ट्रकांमुळे टेल्को, म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी (आजची टाटा मोटर्स), हे नाव आपल्याला माहीत झाले, पण त्यातला 'ल' हा लोकोमोटिव्हचा. ही कंपनी १९४५ मध्ये जमशेदपूरला स्थापन झाली ती वाफेची इंजिने बांधण्यासाठी. ट्रक १९५४ पासूनचे. मीटर गेजची वायपी आणि वायजी जातीची इंजिने तिने १९७० पर्यंत बांधली. म्हणजे पोलाद, बॉयलर आणि इंजिन हे एकाच गावातले सोयरे होते.

किंबहुना रुळांवरच्या वाफेच्या इंजिनाचा जन्मच लोखंडाच्या कारखान्यात झाला. आम्हा ठाणेकरांना रेल्वे म्हटले की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, एवढेच आठवते आणि त्याचा अभिमानही वाटतो. पण त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, वेल्समधील पेनिडॅरन येथील लोह कारखान्यापासून रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसे घेऊन सुमारे पावणेदहा मैलांचे अंतर पार केले होते. त्यामागे पैज होती, ती कारखान्याचा मालक सॅम्युअल होमफ्रे आणि शेजारच्या कारखान्याचा मालक रिचर्ड क्रॉशे यांच्यात. पैज जिंकली गेली, पण घोड्यांच्या गाड्यांसाठी टाकलेले बिडाचे रूळ त्या वजनाखाली तुटू लागले आणि इंजिनाची फेरी बंद पडली. इंजिन समर्थ होते. रुळांचे लोखंड कमी पडले. प्रवाशांचा विचार फार पुढे आला.

स्वस्त मजुरीबद्दल आपण विचारले आहे, म्हणून हे इंजिन माणसांकडून काय मागते ते सांगितले पाहिजे. प्रत्येक पाळीला ड्रायव्हर आणि फायरमन असे दोघे लागतच. थंड बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, नाहीतर पत्रे आणि नळ्या असमान ताणल्या जाऊन गळू लागतात. म्हणून इंजिन विझवायचेच नाही, काम नसले की आग आवळून ठेवायची, अशी पद्धत होती. शेगडीवर साचलेली खंगर फोडणे, राख काढणे, नळ्यांतली काजळी झाडणे हे रोजचे काम, आणि ठराविक दिवसांनी बॉयलर रिकामा करून आतला क्षार आणि गाळ धुऊन काढणे हे आमचे. वर्षाला बॉयलर निरीक्षकाची तपासणी असायची ती वेगळीच.

यातले सर्वांत महत्त्वाचे काम मात्र दिसायला क्षुल्लक असे : पाण्याची पातळी पाहणे. केबिनमध्ये बोटाएवढ्या जाडीची काचेची नळी असते आणि तिच्यामागे तिरप्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी. नळीत जिथे वाफ आहे तिथे पट्ट्या जशा रंगवल्या आहेत तशाच दिसतात. जिथे पाणी आहे तिथे प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्या उलट्या बाजूला झुकलेल्या दिसतात. धुरकट कंदिलाच्या उजेडातही पाणी कुठपर्यंत आहे ते त्या मोडलेल्या पट्टीवरून एका नजरेत कळते. पण नळी बॉयलरला जिथे जोडलेली असते तिथली खालची वाट गाळाने तुंबली, तर नळीतले पाणी जागच्या जागी राहते आणि बॉयलरमधले कमी होत जाते. म्हणून दर पाळीला नळीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडायचे, बंद करायचा आणि पाणी उसळून पुन्हा वर येते का ते पाहायचे. ते रेंगाळत वर आले तर समजावे की वाट तुंबली आहे.

आमच्या एका इंजिनावर दोन काचांपैकी एक फुटली होती. नवी काच भांडारात नव्हती, म्हणून मी ती बाजू बंद करून वहीत 'काच आल्यावर बसवणे' असे लिहून सही केली होती. दुसऱ्या काचेची वाट अर्धी तुंबलेली आहे हे त्या पाळीत कोणी तपासले नाही. पहाटे तीनच्या सुमारास स्लॅगची तीन भरलेली पात्रे घेऊन टेकडी चढताना पाणी अग्निपेटीच्या, म्हणजे बॉयलरमधल्या आग जळण्याच्या कप्प्याच्या, माथ्याखाली गेले आणि तिथले सुरक्षेचे बूच वितळले. ते शिशाचे बूच त्यासाठीच असते : पाणी उतरले की ते वितळून वाफ आगीवर सोडते, म्हणजे माथ्याचा पत्रा फाटून स्फोट होत नाही. केबिनमधली दोन्ही माणसे उडी मारून सुटली, फायरमनच्या मनगटावर थोडे भाजले. दुसरे इंजिन येईपर्यंत तिन्ही पात्रांत स्लॅगचा दगड झाला होता आणि तो फोडून काढायला दोन दिवस लागले. चौकशीत फायरमनला दोष दिला गेला. वहीतली माझी सही कोणी पाहिली नाही आणि मीही ती दाखवली नाही.

या सगळ्या कटकटीतून आगच वजा केली तर काय होईल, याचेही उत्तर उद्योगांनी शोधले होते आणि मला ते इंजिनांच्या साऱ्या इतिहासात सर्वांत हुशारीचे वाटते. अग्निविरहित इंजिनाला बॉयलरच्या जागी एक जाड, आवरण घातलेली टाकी असते. ती बरीचशी गरम पाण्याने भरून कारखान्याच्या मोठ्या बॉयलरमधली उच्च दाबाची वाफ तीत सोडतात. पुढे वाफ वापरली जाऊन दाब उतरू लागला की पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो आणि टाकीतले पाणी स्वतःच्याच उष्णतेवर उकळत राहते. कोळसा नाही, ठिणगी नाही, धूर नाही. एका भरणीवर काही तास शंटिंग, म्हणजे वाघिणी इकडून तिकडे हलवण्याचे काम, होते आणि एक माणूस पुरतो. कमी दाबावरही जोर मिळावा म्हणून त्याचे सिलिंडर चांगले मोठे ठेवतात. कागद, तेल, स्फोटके आणि रसायनांच्या कारखान्यांत ही इंजिने चालत. आपल्याकडे सिंद्रीच्या खत कारखान्यात जर्मनीच्या हेन्शेल कंपनीचे असे इंजिन होते. ते आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

मग ही इंजिने गेली कशी? एका कारणाने नव्हे. चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉड गेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये बांधले. त्यानंतर नवे मिळण्याची वाटच बंद झाली. त्याच कारखान्याने डिझेल-हायड्रॉलिक शंटिंग इंजिने बांधायला घेतली होती, आणि त्यांत विजेच्या मोटरी नसल्यामुळे मोटर जळण्याचा जुना आक्षेपही उरला नाही. लॅडलच्या जागी टॉर्पेडोच्या आकाराच्या प्रचंड वाघिणी आल्या, ज्या ओढायला आमची छोटी इंजिने अपुरी होती. साच्यांत ठोकळे न ओतता वितळलेल्या पोलादाची सरळ अखंड पट्टी ओतणारी सलग ओतकामाची पद्धत आली, तेव्हा साचे आणि ठोकळे वाहण्याचे निम्मे काम मुळातच संपले. आणि बॉयलरचा पत्रा ठोकून आवाजावरून तो कुठे झिजला आहे ते सांगणारे मिस्त्री एकामागून एक निवृत्त झाले. माझ्या मते हे शेवटचे कारण सर्वांत निर्णायक ठरले, जरी कोणत्याही अहवालात ते तसे लिहिलेले नसेल.

चीनमध्ये यातले प्रत्येक कारण उशिरा लागू झाले. आपण पाहिलेले इंजिन बहुधा 'एसवाय' जातीचे असावे. उद्योगांसाठीच आखलेली ही इंजिने तांगशान येथे १९६० पासून थेट १९९९ पर्यंत बांधली जात होती. १९७६ च्या भीषण भूकंपात ते शहर जमीनदोस्त झाले, तरी बांधणी पुन्हा सुरू झाली. कारखान्याजवळ पाच-दहा वर्षांचे धडधाकट इंजिन असताना ते भंगारात कोण घालील? बोस्नियात तुझला शहराजवळच्या कोळसा खाणींत तर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नमुन्याची इंजिने २०२० नंतरही कामावर होती. तिथेही कोळसा दाराशीच होता.

आपण कधी दिल्लीला गेलात तर ते सिंद्रीचे इंजिन अवश्य पाहा. पुढून पाहाल तर धुराड्याची जागा आधी शोधाल. तसले धुराडे तिथे नाहीच, कारण काढायला धूरच नाही. आणि पाण्याच्या पट्ट्यांची काच चालू स्थितीत पाहायची असेल तर दिल्लीपर्यंतही जायला नको. रबाळ्याच्या कपडे रंगवणाऱ्या कारखान्यांत ती अजून आहे आणि पाळी बदलली की बॉयलर अटेंडंट तिचा कॉक उघडून पाणी वर उसळते का ते पाहतो.