पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टसोबत (लहान मुलांच्या मेंदू-नसांचे डॉक्टर) आठवडाभर शॅडोइंग करायचंय, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघायचंय, नेमकं काय बघू?

रिपोर्टपेक्षा डॉक्टर मुलाकडे कसं बघतात ते बघ. मूल दारातून आत येतं तिथूनच तपासणी सुरू झालेली असते, चालताना टाच टेकते का, खेळणं कुठल्या हाताने घेतं वगैरे. वर्षाच्या आतलं बाळ सारखा एकच हात वापरत असेल तर आईबाबा कौतुकाने डावखुरा आहे म्हणून सांगतात, पण हाताची पसंती एवढ्या लवकर ठरत नसते, म्हणून डॉक्टर लगेच दुसऱ्या हाताची ताकद बघतात. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं, अजून डोक्यात पक्कं आहे. डोक्याचा घेर साध्या टेपने मोजतात, हसू नकोस, ग्रोथ चार्टवर तो आकडा बरंच काही सांगून जातो. फिट्सच्या केसमध्ये घरच्यांनी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ म्हणजे सोनं, कारण ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला तरी एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा आजार, असू शकते.

बाकी तुझा फोन खिशातच ठेव, वहीत पेशंटचं नाव लिहू नकोस, आणि वाईट बातमी सांगताना चेहरा सांभाळ, आईबाबा तुझ्याकडेपण बघत असतात. शंका दोन पेशंटच्या मधे विचार.