वाचकांचे प्रश्न : ट्रक नवा घ्यावा की जुना?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील असून गेली 14 वर्षे दुसऱ्याच्या दहा चाकी गाडीवर चालक आहे. लासलगाव आणि पिंपळगावचा कांदा घेऊन बहुतेक महिने दिल्लीच्या आझादपूर बाजारात जातो आणि परतीला मिळेल ते भाडे भरतो. आता स्वतःची गाडी घेऊन स्वतःच चालवायची आहे. जवळ 9 लाख रुपये साठले आहेत, त्यांतील 7 लाख गुंतवू शकतो. नवी गाडी बॉडीसह 38 लाखांना पडते आणि उरलेल्या रकमेला 10 टक्के व्याजाने पाच वर्षांचे कर्ज मिळते. ओळखीच्या मालकाची 2017 ची बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचे जुने मानक) गाडी 16 लाखांना मिळते आहे. तिला 14 टक्क्यांनी तीन वर्षांचे कर्ज मिळेल. जुनी गाडी लिटरला 3.6 किलोमीटर जाते, तशीच नवी 4.2 देते. घरचे जुनी घ्या म्हणतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘दिल्ली’ हा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या मालवाहू गाड्यांच्या प्रवेशावर 1 नोव्हेंबर 2025 पासून निर्बंध आले असून बीएस-4 गाड्यांना केवळ 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुभा देण्यात आली आहे. म्हणजे जी गाडी तुम्ही तीन वर्षे हप्ते भरून सोडवणार, ती हप्ते चालू असतानाच तुमच्या नेहमीच्या बाजाराच्या वेशीवर अडेल. गाडी कितीही जपलेली असली तरी तुमच्या मार्गासाठी हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय त्या गाडीचे आरसी बुक पाहावे. जुलै 2018 मध्ये केंद्राने ॲक्सलभाराची मर्यादा वाढवली आणि दहा चाकी गाडीचे मालासह एकूण वजन 25 टनांवरून 28 टनांच्या आसपास गेले. 2017 च्या गाडीवर 25 टनच नोंदलेले असेल, तर प्रत्येक खेपेला सुमारे तीन टन माल, म्हणजेच तीन टनांचे भाडे, कायदेशीरपणे तुमच्या हातून जाईल. आणि ती तूट जादा माल भरून काढण्याचा विचार तर मनातही आणू नये. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला, दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावा लागतो, आणि त्याचे शुल्कही वयाबरोबर वाढते. नॅशनल परमिट मात्र दोन ॲक्सलच्या सहा चाकी गाडीला 12 वर्षांपर्यंत आणि त्याहून अधिक ॲक्सलच्या गाडीला 15 वर्षांपर्यंत मिळते, त्यामुळे या गाडीला परमिटची अडचण लगेच येणार नाही.

आता हप्त्यांचे गणित. नव्या गाडीच्या 31 लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे 65,900 रुपये येतो, तर जुन्या गाडीच्या 9 लाखांच्या कर्जाचा सुमारे 30,800. फरक 35,000 रुपयांचा आहे आणि तो पाहूनच घरची मंडळी जुन्या गाडीकडे झुकली असणार. परंतु तुम्ही दिलेले ॲव्हरेज धरले, तर महिन्याला 8,000 किलोमीटर चालणाऱ्या नव्या गाडीला सुमारे 317 लिटर डिझेल कमी लागते. लिटरला 90 रुपये धरल्यास ही बचत 28,500 रुपयांची होते. तिच्यातून नव्या गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या डीईएफ द्रवाचा, म्हणजे बोलीभाषेतील युरियाचा, खर्च वजा करावा लागेल, तरी गॅरेजचा वाचलेला खर्च मिळवल्यास दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीत येतात. तीच गाडी महिन्याला 4,000 किलोमीटरच चालली, तर डिझेलची बचत 14,000 रुपयांवर येते आणि नव्या गाडीचा हप्ता अंगावर पडतो.

म्हणून गाडीची किंमत विचारण्याआधी वर्षातील किती दिवस गाडी उभी राहते, हे तुम्ही स्वतःला विचारायला हवे. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा लासलगावचे लिलाव बंद पडलेले तुम्ही पाहिले असतील. अशा वेळी मालकाची गाडी उभी राहिली तर चालकाचा भत्ता बुडतो. स्वतःची गाडी उभी राहिली तर हप्ता, विमा आणि कर यांपैकी काहीच थांबत नाही. नव्या चेसिसवर वेगळी बॉडी बांधायची असेल, तर बॉडी पूर्ण होऊन पासिंग होईपर्यंत गाडी एक रुपयाही मिळवत नाही आणि पहिला हप्ता मात्र दारात येऊन उभा राहतो. तुमच्याकडे उरणारे 2 लाख नव्या गाडीच्या जेमतेम तीन हप्त्यांना पुरतील. माझी खरी काळजी येथे आहे. चांगले, कष्टाळू चालक गाडी वाईट निघाल्यामुळे बुडतात त्यापेक्षा हाती राखीव पैसा नसल्यामुळे अधिक बुडतात.

मी तुम्हाला तिसरा मार्ग सुचवतो. 2021 किंवा 2022 मधील, एकाच मालकाच्या हाताखाली चाललेली बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण मानकाची, गाडी शोधावी. समजा ती 23 लाखांना मिळाली, तर 6 लाख भरून उरलेल्या 17 लाखांचे 12 टक्क्यांनी चार वर्षांचे कर्ज काढल्यास हप्ता सुमारे 44,800 रुपये येईल, आणि 3 लाख हाताशी राहतील. ती रक्कम टायर, क्लच आणि मंदीचे दिवस यांसाठीच ठेवावी. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या ट्रकवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव करताना आजच्या नव्या गाडीची किंमत समोर ठेवावी. विक्रेता त्याने पूर्वी मोजलेली किंमत सांगेल, ती धरू नये.

बीएस-6 गाडी पाहताना सवयीने केवळ इंजिनचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नका. स्कॅनर लावून त्रुटींचे कोड वाचून घ्यावेत आणि युरियाची यंत्रणा कोणी बायपास केलेली नाही ना, हे अधिकृत वर्कशॉपमध्येच तपासावे. युरिया संपला किंवा यंत्रणा बिघडली, तर अशा गाडीची ताकद आपोआप कमी होते, आणि भरल्या गाडीला घाटात हे फार महागात पडते. इंजिन पूर्ण थंड असताना पहिला स्टार्ट तुम्ही स्वतः मारावा, ऑइलचे झाकण उघडून वाफ किती जोराने येते ते पाहावे, आणि पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला तडा किंवा वेल्डिंग आहे का, हे गाडीखाली जाऊन बघावे. मीटरवरील आकड्यापेक्षा वर्कशॉपमधील जॉबकार्डांवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदींवर, अधिक विश्वास ठेवावा. विम्याबाबत एक गैरसमज आढळतो : थर्ड पार्टीचा हप्ता एकूण वजनावर ठरतो, गाडी जुनी असल्याने तो कमी होत नाही. 2022 च्या दरपत्रकात 20 ते 40 टनांच्या गाडीसाठी तो 43,950 रुपये होता.

नव्या गाडीच्या बाजूने मला मनापासून पटणारा एक मुद्दा सांगतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या उन्हातून गाडी हाकणाऱ्या माणसाला त्याचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तुम्हाला एखाद्या कंपनीचे वर्षभराचे लेखी काम मिळाले आणि महिन्याला 8,000 किलोमीटरची खात्री झाली, तर नवी गाडी जरूर घ्यावी.

प्रश्न : एक मालक त्याचे उरलेले हप्ते मी भरावेत या बोलीवर ट्रक देण्यास तयार आहे. नोटरीसमोर करार होईल आणि कर्ज फिटल्यावर गाडी माझ्या नावावर होईल. असा व्यवहार करावा का? (वाचक, कागल)

उत्तर : करू नये. नोटरीच्या कागदाने गाडीची मालकी बदलत नाही. आरसी बुक आणि परमिट त्याच्या नावावर, बोजा वित्तसंस्थेचा आणि हप्ते मात्र तुमचे, अशी ही रचना आहे. त्याने दुसरे एखादे कर्ज थकवले, किंवा तुम्ही दिलेले पैसे भरलेच नाहीत, तर गाडी ओढून नेली जाईल. अपघातात गाडीचे नुकसान झाले, तर पॉलिसी तुमच्या नावावर नसल्याने भरपाई तुम्हाला मिळणे कठीण होईल. धोका त्यालाही आहे. अपघातग्रस्तांच्या भरपाईची जबाबदारी आरटीओत ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

गाडी खरोखर चांगली असेल, तर दोघांनी मिळून वित्तसंस्थेत जावे, बाकी रकमेचे लेखी पत्र घ्यावे आणि तुमच्या नावाने नवे कर्ज मंजूर करून त्यातूनच जुने फेडावे. त्यानंतर फॉर्म 35 ने बोजा उतरवून फॉर्म 29 आणि 30 ने गाडी नावावर करावी, परमिटही बदलून घ्यावे, आणि विमा हस्तांतरासाठी 14 दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज द्यावा. ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर थकीत ई-चलन, कर आणि फिटनेसची मुदत दिसते. ती विसार देण्यापूर्वी पाहून घ्यावी.