अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल कोचची कारकीर्द कशी असते?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बी.पी.एड. करताय, फुटबॉल कोच व्हायचंय, आणि अमेरिकेतले कोच कसे घडतात, खेळाकडे कसं बघतात ते जाणून घ्यायचंय. मी न्यू जर्सीत राहतो. पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं, पण गेली सात वर्षं शनिवार-रविवार एका क्लबच्या दहा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. कोचिंगचं लायसन्स डीपर्यंतचं, म्हणजे खालच्या पायरीचं. त्यामुळे माझ्यापेक्षा एका अशा माणसाबद्दल सांगतो ज्याची कारकीर्द मी वर्षानुवर्षं जीव लावून पाहत आलोय. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे माजी कोच बॉब ब्रॅडली.

जन्म १९५८, न्यू जर्सीतल्याच माँटक्लेअरचा. माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत. १९८० साली प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी घेतली आणि बावीसाव्या वर्षी ओहायो युनिव्हर्सिटीच्या टीमचे मुख्य कोच झाले. तिथे ते क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेले होते आणि शिकता शिकताच टीम सांभाळत होते. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात तिथले मुख्य कोच ब्रूस अरीना यांच्या हाताखाली काम केलं आणि १९८४ मध्ये प्रिन्स्टनला मुख्य कोच म्हणून परत आले. तिथे १९९५ पर्यंत राहिले.

ही दोन वर्षं नीट बघा. अमेरिकेतली जुनी व्यावसायिक लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली आणि आजची मेजर लीग सॉकर १९९६ ला सुरू झाली. म्हणजे ब्रॅडली प्रिन्स्टनला होते त्या जवळजवळ सगळ्या काळात देशात पहिल्या दर्जाची व्यावसायिक मैदानी लीगच नव्हती. वर चढायला पुढची पायरीच नाही, तरी हा माणूस बारा हंगाम रोज संध्याकाळी कॉलेजच्या पोरांबरोबर मैदानावर उभा. १९९३ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेलं. त्याच मैदानावर खेळलेला जेसी मार्श पुढे त्यांच्याबरोबर शिकागोला गेला, मग राष्ट्रीय संघात त्यांचा सहाय्यक झाला, आणि नंतर साल्झबुर्ग, लाइपझिग, लीड्स या युरोपातल्या क्लबांचा आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य कोच. अमेरिकेत कोच घडतात ते बरेचदा असे, कॉलेजच्या मैदानावर, एकाच्या हाताखाली दुसरा.

लीग सुरू झाल्यावर अरीनांनी त्यांना वॉशिंग्टनच्या डी.सी. युनायटेड क्लबमध्ये सहाय्यक म्हणून घेतलं. दोन वर्षांनी, १९९८ ला, नव्याकोऱ्या शिकागो फायर क्लबची जबाबदारी मिळाली. पहिल्याच हंगामात फायर अंतिम सामन्यात पोचली, समोर गुरूचीच डी.सी. युनायटेड, आणि फायरने २-० ने जिंकलं. काही दिवसांत यू.एस. ओपन कपही घेतला.

पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य कोच झाले. ती गोष्ट तुम्हाला बहुतेक ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये सलग ३५ सामने न हरलेल्या स्पेनला २-० ने हरवलं. अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत ब्राझीलवर २-० ची आघाडी होती, पण ३-२ ने हरले. २०१० च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध भरपाई वेळेत लँडन डोनोव्हनने गोल केला आणि अमेरिका इंग्लंडच्या वर, गटात पहिली आली. या संघात त्यांचा मुलगा मायकेल मधल्या फळीत खेळायचा. बापाने मुलाला घेतलं, ही कुजबुज सतत चालू असे. स्लोव्हेनियाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडल्यावर बरोबरीचा गोल मायकेलनेच केला. २०११ मध्ये गोल्ड कपच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोकडून ४-२ हार झाली, तीही २-० ने पुढे असताना, आणि साधारण महिन्याभराने नोकरी गेली.

आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहायचंय ते. नोकरी गेल्यावर ब्रॅडलींनी इजिप्तचा संघ घेतला. सप्टेंबर २०११. मुबारक यांची सत्ता जाऊन सात महिने झाले होते आणि देश उकळत होता. १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सैदच्या स्टेडियममध्ये अल मसरी आणि कैरोचा अल अहली या क्लबांची मॅच संपल्यावर हल्ला झाला आणि ७० पेक्षा जास्त माणसं मेली. बहुतेक अल अहलीचे पाठीराखे, कितीतरी कोवळी पोरं. काही जणांनी अल अहलीच्या ड्रेसिंग रूममध्ये, खेळाडूंच्या डोळ्यांसमोर प्राण सोडला. लीग थांबली. राष्ट्रीय संघातले बरेचसे खेळाडू त्या लीगमधले, त्यातले अनेक त्या ड्रेसिंग रूममध्ये होते.

परदेशी कोच त्या आठवड्यात विमान पकडून गेला असता तर कुणी नावं ठेवली नसती. ब्रॅडली आणि त्यांची पत्नी कैरोतच राहिले, आणि मृतांसाठी निघालेल्या लोकांच्या मोर्चात जाऊन उभे राहिले. मग विश्वचषक पात्रतेची तयारी सुरू झाली. ज्यांना आठवड्याला क्लबची मॅच नाही अशा खेळाडूंना सामन्यासाठी फिट कसं ठेवायचं? शिबिरं भरवून आणि मिळतील तिथे मैत्रीपूर्ण सामने खेळवून. तरी गटातले सहाच्या सहा सामने इजिप्तने जिंकले. मोहम्मद सलाह तेव्हा विशीचा होता. गिनीमध्ये ३-२ चा विजयी गोल शेवटच्या क्षणी त्याने केला, आणि झिम्बाब्वेमध्ये तीन गोल.

मग विश्वचषकात जायची शेवटची पायरी, घानाविरुद्ध दोन सामने. ऑक्टोबर २०१३, घानातलं कुमासी, ६-१ ने हार. परतीचा सामना कैरोत २-१ ने जिंकला, पण त्याला काही अर्थ उरला नव्हता. १९९० नंतर विश्वचषक न पाहिलेला देश पुन्हा घरीच राहिला आणि ब्रॅडलींचा करार पुढे वाढला नाही. कुमासीच्या मॅचनंतर मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. हा निकाल मला आजही अन्यायच वाटतो, कारण तक्त्यात तो '६-१' एवढाच दिसतो आणि त्याआधीची दोन वर्षं दिसत नाहीत.

त्यानंतर ते कुठे गेले बघा. नॉर्वेतला स्टाबेक हा छोटा क्लब; २०१५ मध्ये लीगमध्ये तिसरा आला. मग फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला ल आव्हर. तिथे वरच्या श्रेणीत जायची संधी अक्षरशः एका गोलाने हुकली. मेट्झचे गुण तेवढेच, गोलफरकही तेवढाच, फक्त केलेले गोल जास्त. ऑक्टोबर २०१६ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी क्लबने बोलावलं आणि प्रीमियर लीगमधले ते पहिले अमेरिकन मॅनेजर झाले. क्लबचे नवे मालकही अमेरिकन, आणि पाठीराख्यांच्या ट्रस्टला न विचारता नेमणूक झालेली. त्यामुळे पहिल्या दिवसापासून बोलणं त्यांच्या अमेरिकन शब्दांवर चाललं, पेनल्टीला काय म्हणाले, बाहेरगावच्या मॅचला काय म्हणाले. आपल्याला फुटबॉलचा मॅनेजर म्हणून पाहा, अमेरिकन म्हणून नको, असं त्यांचं म्हणणं होतं. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ५-४ अशी वेडी मॅच जिंकली, पण ११ सामन्यांत २९ गोल खाल्ले आणि ८५ दिवसांत बाहेर. बचाव खरंच ढिसाळ होता, हे मी त्यांचा चाहता असूनही मान्य करतो. पण अकरा सामन्यांत बचाव बसवता येतो असं कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी एक टीम घडवून बघावी.

वय ५८. दुसरा कोणी असता तर टीव्हीवर विश्लेषण करत बसला असता. यांनी लॉस एंजेलिस एफसी ही नवी टीम शून्यातून उभी केली. २०१९ मध्ये तिने ७२ गुण मिळवले, तोपर्यंतचा लीगचा विक्रम. कार्लोस व्हेलाने ३४ गोल केले. पुढे टोरांटोत मात्र जमलं नाही, २०२३ च्या जूनमध्ये तिथून काढलं. त्याच वर्षी, पासष्टीत, ते पुन्हा नॉर्वेला स्टाबेककडे गेले. क्लब तेव्हा खालच्या श्रेणीत घसरण्याच्या काठावर होता, आणि घसरलाही.

तुमच्या प्रश्नाच्या व्यावहारिक भागाबद्दल. अमेरिकेत यायचंच असेल तर ब्रॅडली गेले तीच वाट अजून चालू आहे. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता कॉलेजच्या टीमचं सहाय्यकपद. काही ठिकाणी त्याबदल्यात फीमध्ये सवलत मिळते. पगार जवळजवळ नाही असंच धरून चाला. तिथे पोचण्याआधी भारतातलं ए.आय.एफ.एफ.चं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी लायसन्स करून ठेवा आणि आत्तापासून एखाद्या शाळेची टीम हातात घ्या.

पहिल्या वर्षी मी रेषेवरून सारखा ओरडायचो, पास दे, पास दे. एक पोरगा बॉल पायात आला की आधी माझ्याकडे बघायचा, आणि तेवढ्यात बॉल जायचा. मग मी स्पेनविरुद्धची ती मॅच पुन्हा लावली आणि बॉलकडे न बघता फक्त अमेरिकेच्या आठ जणांकडे बघत बसलो. चारचार जणांच्या दोन ओळी एकमेकींपासून किती अंतरावर राहतात, एक जण पुढे गेला की बाकीचे कसे सरकतात, आणि हे करताना बाकावर बसलेल्या कोचकडे कोणी वळून बघत नाही. सगळं आधीच सरावात होऊन गेलेलं असतं. तुम्हीही ती मॅच तशीच पूर्ण नव्वद मिनिटं बघा, आणि काय दिसलं ते मला खाली लिहा.