शिक्षकांनी बालसंरक्षणाचा कोणता कोर्स करावा? ऑनलाइन प्रमाणपत्र चालतं का?

फाइलला लावायला चालतं. सरकारच्या दीक्षा ॲपवर शिक्षकांसाठी मोफत अभ्यासक्रम असतात, मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी काम करणारी मुंबईची ‘अर्पण’ संस्थाही प्रशिक्षण देते. पण ‘गुड टच, बॅड टच’च्या स्लाइड दाखवून शेवटी ग्रुप फोटो काढणाऱ्या कार्यशाळेला मी प्रशिक्षण म्हणत नाही. मूल अत्याचाराबद्दल सांगायला लागलं की पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, याचा सराव करून घेणारा कोर्स शोधा.

सराव असा. दोघी शिक्षिका समोरासमोर बसतात, एक मुलाची भूमिका घेते. मूल म्हणतं, “व्हॅनवाले काका त्रास देतात.” समोरची हमखास विचारते, “कुठे हात लावला?” अहो, हात लावल्याचं मूल बोललेलंच नाही! पुढे आरोपीचा वकील नेमकं हेच धरतो, की मुलाला पढवलंय. “मग काय झालं?” एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. “कोणाला सांगणार नाही” असा शब्द द्यायचा नाही, कारण सांगावंच लागतं. मूल गेलं की लगेच तारीख, वेळ आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून खाली सही करायची. ते ‘शूची जागा’ म्हणालं असेल तर तेच लिहायचं, ‘गुप्तांग’ नाही. मुख्याध्यापकांसमोर, मग संस्थाचालकांसमोर पुन्हा वदवून घेणं तर साफ बंद.

आणि याच ठिकाणी माझं मुख्याध्यापकांशी वाजतं. “आधी शाळेत चौकशी करू, खरं निघालं तर पोलीस.” कोणी सांगितलं? मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं (२०१२) कलम १९ तुमच्याकडे पुरावा मागत नाही. माहिती मिळाली किंवा गुन्हा होईल अशी धास्ती वाटली, की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. पालकांची परवानगी लागत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं, की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत असावीच, पण ती पोलिसांच्या जागी नाही.

“मुलीला ठाण्यात खेटे पडतील” ही सबबही ऐकून झाली. कलम २४ प्रमाणे जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. नाव भरण्याआधी प्रशिक्षकाला कलम १९ बद्दल विचारा. “आधी समिती” म्हणाला तर पैसे वाचवा.

हे सगळं लैंगिक गुन्ह्यांपुरतं. उपासमार, घरची मारहाण, ठरलेला बालविवाह यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या प्रेमप्रकरणात माझंही मन अडखळतं, पण अठराच्या आत कायदा संमती धरत नाही, त्यामुळे तिथेही कळवण्यातून शिक्षकाची सुटका नाही.