पिकतं तिथे विकताना

प्रिय (आता माजी) ज्युनिअर,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर दिलं असतं तर "कर की अर्ज!" एवढंच लिहिलं असतं. म्हणून एक रात्र जाऊ दिली.

तू दोन गोष्टी विचारल्यास. कंपनीतच दुसऱ्या विभागात निघालेल्या जागेसाठी अर्ज करू का, आणि केलाच तर साहेबांना कधी सांगू? दुसरं सोपं आहे, तिथूनच सुरू करतो. अर्ज टाकायच्या आधी सांग.

त्याआधी पोर्टलवर आयजेपीचं, म्हणजे कंपनीतल्या जागांसाठी आतल्याच लोकांनी अर्ज करण्याचं (इंटर्नल जॉब पोस्टिंग), धोरण उघडून वाच. कंटाळवाणं असतं, पण वाच. सध्याच्या पदावर किती महिने पूर्ण झालेले हवेत (बऱ्याच ठिकाणी वर्ष किंवा दीड वर्ष असतं), मागच्या अप्रेझलचं रेटिंग किती लागतं, आणि मॅनेजरची परवानगी लागते की नुसतं कळवायचं, हे सगळं त्यात असतं. काही कंपन्या शॉर्टलिस्ट होईपर्यंत अर्ज गुप्त ठेवतात. ते 'गुप्त' फार मनावर घेऊ नकोस. तुझं नाव समोर आलं की तिकडचा मॅनेजर पहिला फोन तुझ्या साहेबांनाच लावणार. धोरणात काहीही लिहिलेलं असो, तो फोन होतो. मी स्वतः अनेकदा केलाय.

आणि माझ्याबाबतीतही झालाय. तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो आणि ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. साहेबांना एका मीटिंगमध्ये, चार लोकांसमोर, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांनी माझी अडवणूक केली नाही, वाईटही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "काम चोख करतो. पण मनातलं सांगत नाही." ती जागा मला मिळाली नाही. त्या वाक्यामुळेच गेली असं मी म्हणणार नाही, पण ते वाक्य पुढे दोन वर्षं माझ्या आधी प्रत्येक खोलीत पोचायचं.

सांगताना चॅटवर नको, चालता चालता नको. पंधरा मिनिटं मागून घे. "मला इथे कंटाळा आलाय" हे खरं असलं तरी तिथून सुरुवात करू नकोस. ऐकता ऐकता साहेबांच्या मनात एकच हिशेब चाललेला असतो, ही गेली तर हिचं काम कोण करणार? म्हणून तुझ्या हातातलं काय कुणाकडे देता येईल याचा कच्चा आराखडा घेऊनच जा. साहेब डूख धरणारे असतील (तसे असतात, मी भेटलोय) तर आधी एचआरशी लेखी बोल. पण मुलाखतीच्या आधी त्यांना तुझ्या तोंडून कळायला हवंच.

आता मुलाखत. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आतले उमेदवार पडतात ते इथेच.

पिकतं तिथे विकत नाही असं आपण म्हणतो, आणि खापर गिऱ्हाइकावर फोडतो. माझा अनुभव वेगळा आहे. आतला माणूस स्वतःचा माल नीट मांडतच नाही. एका पॅनेलवर असताना आमच्याच कंपनीतला एक हुशार मुलगा आला होता. दर दुसऱ्या उत्तरात "ते तर तुम्हाला माहीतच आहे." तो प्रकल्प त्याने ओढून नेला होता हे मला खरंच माहीत होतं. शेजारच्या दोघांना नव्हतं. आणि गुणांच्या कागदावर ऐकलेल्या उत्तरालाच गुण असतात, माहीत असलेल्याला नाही. बाहेरून आलेल्या बाईंनी साध्याच कामाची गोष्ट अडचण काय होती, मी काय केलं, शेवटी काय झालं, अशी ओळीने सांगितली. जागा त्यांना मिळाली, आणि कागद पाहता योग्यच मिळाली.

म्हणून रेझ्युमे परक्या माणसासाठी लिहितेस तसा लिही. आपल्या टीममध्येच कळणारी प्रकल्पांची टोपणनावं काढून टाक. लोक तुला ओळखतात म्हणजे काय, तर शेवटचं तुझं काम जिथे पाहिलं तिथली तू. कुणासाठी अजूनही तू 'रिपोर्ट काढून देणारी' असशील. मधल्या काळात काय काय केलंस हे तुलाच सांगावं लागेल.

तुझ्याकडे बाहेरच्याला नसलेली एक गोष्ट आहे, तुला आत चालत जाऊन विचारता येतं. त्या विभागातल्या दोघांना अर्धा तास भेट. जागा रिकामी का झाली? आधीचा माणूस काय अर्धवट टाकून गेला? पहिल्या तीन महिन्यांत नव्या माणसाने काय करून दाखवावं असं त्यांना वाटतं? ही उत्तरं खिशात घेऊन मुलाखतीला गेलीस तर बोलणं आपोआप कामाचं होतं. फक्त आपल्या टीमची गाऱ्हाणी तिथे नेऊ नकोस. समोर बसलेल्यांना ती माणसं तुझ्याइतकीच माहीत असतात.

पगाराचं बोलून घे, लाजू नकोस. मॅथ्यू बिडवेल या अभ्यासकाने २०११ साली एका अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या नोंदींवरून दाखवलं होतं की, बाहेरून घेतलेल्यांना त्याच प्रकारच्या कामावर आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पगार मिळत होता, आणि पहिली दोन वर्षं त्यांचं रेटिंग मात्र कमी होतं. कागदावर त्यांचं शिक्षण आणि अनुभव जास्त भरत होता, हेही त्यात आहे. एका बँकेवरून जगाचा न्याय करू नये, पण कंपनी आतल्या माणसाला स्वस्तात धरते हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. ग्रेड तीच राहणार असेल तर वाढ बहुधा शून्य. हो म्हणण्याआधी तीन गोष्टी ईमेलवर घे. ग्रेड आणि पगार बदलणार का, या वर्षीचं अप्रेझल कोण लिहिणार, आणि रिलीजची, म्हणजे जुन्या टीममधून मोकळं होण्याची, तारीख. वर्षाच्या मध्यात बदली झाली की जुने साहेब म्हणतात ती गेली आणि नवे म्हणतात ती आत्ताच आली, आणि रेटिंग मधल्या मध्ये लटकतं. तारखेचा ईमेल दोन्ही मॅनेजरना एकत्रच जाऊ दे, नाहीतर दोन महिने दोन खुर्च्यांवर बसशील.

नाही झालं तर? ज्याला जागा मिळाली तो रोज लिफ्टमध्ये भेटेल, हे अवघड असतं, खोटं कशाला बोलू. जे. आर. केलर आणि कॅथरीन डलुगोस यांनी २०२१ साली एका मोठ्या कंपनीतले असे ९,००० हून जास्त नकार तपासले. हायरिंग मॅनेजरने, म्हणजे ज्याच्याकडची जागा भरायची त्याने, मुलाखत घेऊन मग नाकारलेले लोक, आधीच गाळलेल्यांच्या निम्म्या प्रमाणात कंपनी सोडून गेले होते. मला त्यात नवल वाटत नाही. मुलाखतीत तुला कळतं की पुढची जागा अशक्य नाही. तेव्हा नकार आला तर त्या मॅनेजरकडे पंधरा मिनिटं माग आणि काय कमी पडलं ते विचार. वाद घालू नकोस, लिहून घे.

राहिला तुझा पहिला प्रश्न, अर्ज करू का. तुझा मेसेज मी पुन्हा मोजून वाचला. सध्याच्या टीमबद्दल अकरा ओळी आहेत. नव्या कामाबद्दल अर्धी, "तिकडे जरा वेगळं असेल." पॅनेल तुला पहिला प्रश्न त्या अर्ध्या ओळीवरच विचारणार आहे. ती पूर्ण करून मला पाठव. रेझ्युमे त्यानंतर बघू.

तुझा,
जुना साहेब