पानांच्या कडा करपल्या म्हणून डीएपीचा डोस वाढवू का?

नका वाढवू. हे आधी सांगतो, बाकीचं निवांत वाचा.

तुम्ही विचारलंय की साताऱ्यात घरामागं दहा बाय वीसची जागा आहे, पाडव्याच्या आत उन्हाळी भाज्या लावायच्यात, डीएपी हे रासायनिक खत किती घालू, आणि गेल्या वर्षी पानांच्या कडा करपल्या तेव्हा दुकानदार म्हणाला खत कमी पडलं, तर या वर्षी डोस वाढवू का. हा दुकानदार तुम्हाला एकट्यालाच भेटलाय असं समजू नका, आमच्या घरात तो साडू म्हणून आलाय.

सासुरवाडी वाळवा तालुक्यात. काळी जमीन, तीन बाजूला ऊस, आणि उसाला पाणी म्हणजे नुसतं सोडून द्यायचं, रात्रभर वाहू दे. निचरा नाही, खालचं पाणी वर आलं, आणि त्याबरोबर क्षारही वर आले. कृष्णाकाठच्या कितीतरी गावांचं हेच रडगाणं आहे, चांगली सोन्यासारखी रानं खारपड झाली. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, परसबाग त्याच जमिनीवर, पाणी घरच्या बोअरचं. त्या बोअरच्या नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो, बादलीला बसतो, वाफ्याच्या कडेला तर दुपारी पीठ सांडल्यासारखं दिसतं. मी ते बोटावर घेऊन जिभेला लावलं, खारट. म्हटलं मामा, मिरचीच्या आणि घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्यात त्याचं कारण हे आहे, खत नाही.

पण माझं कोण ऐकतंय, मी पडलो बँकेतला माणूस. साडूंचं खतांचं दुकान. ते आले, झाडाकडं लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "पावणं, झाड खायाला मागतंय, तुमी नुसतं पाणी पाजताय." झाडाला मूठ-मूठ डीएपी टाकलं, वर युरिया. आठवड्यात निम्मं पान वाळलं. मग म्हणे आता पोटॅश कमी पडलंय, कडा करपणं हे पोटॅशचंच लक्षण. आता हे पुस्तकात बरोबर आहे, पोटॅश कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा करपतात. पण आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश मुळात भरपूर असतं, आणि दुकानात मिळतं ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचा सख्खा भाऊ. खारट जमिनीत मीठ! घेवडा तर सगळा गेला, तो क्षाराच्या बाबतीत सगळ्यात नाजूक पिकांपैकी. बिल मात्र मामांच्या नावावर.

शेवटी मी मामांना न सांगता पिशवीत माती भरून तपासायला दिली. रिपोर्टमध्ये ईसी दोनच्या वर, सामू म्हणजे पीएच आठच्या वर. ईसी म्हणजे क्षाराचं माप, ते एकच्या आत असावं लागतं. मी तो कागद सणाला सगळे जेवायला बसले असताना ताटाशेजारी ठेवला. साडू म्हणाले लॅबवाल्यांना काय कळतंय. आमच्या मंडळी माझ्याकडं अशा बघत होत्या की पुरणपोळीसुद्धा नीट गेली नाही. पण कागद खरा होता.

नंतर आम्ही कडेनं चर काढला, पावसाळ्यात धुऊन निघू दिलं, उसाचं पाचट अंथरलं म्हणजे ऊन जमिनीला डायरेक्ट लागत नाही आणि क्षार वर ओढले जात नाहीत. आणि रोपं वरंब्याच्या माथ्यावर लावायची बंद केली. पाणी सरीतून वर चढतं आणि माथ्यावर उडून जातं, मीठ तिथंच साठतं, म्हणून रोप बगलेला लावायचं, पाण्याच्या जरा वर. आता पालक चांगला येतो, तो क्षार सोसतो. साडू म्हणतात पालक त्यांच्या जुन्या खतावरच आलाय.

आता तुमचं. दोनशे स्क्वेअर फुटाला चांगलं कुजलेलं शेणखत ४० ते ४५ किलो, मातीत मिसळून टाका. कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर भुगा होतो आणि वास येत नाही ते, गोठ्यातून काल काढलेलं नाही. निंबोळी पेंड दोन किलो घातली तर उत्तम. डीएपी घालायचंच असेल तर सगळ्या जागेला मिळून २०० ग्रॅम, म्हणजे दोन लहान वाट्या, झाडाला मूठ नाही, आणि बुंध्याला चिकटून तर अजिबात नाही. त्यात १८ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट) असतं, हे पोत्यावरच लिहिलेलं असतं पण वाचतो कोण. गवारीला युरिया देऊ नका, ती नत्राची सोय स्वतः करते. टोमॅटो आता लावून उपयोग नाही, ऊन वाढलं की फुलं गळतात. भेंडी, गवार, काकडी, दोडका लावा. भेंडीचं बी परभणी क्रांती नाहीतर अर्का अनामिका बघा, केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडायचा रोग सोसाव्यात म्हणून या जाती काढल्या होत्या, आता सगळीकडं टिकतातच असं नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. तुम्ही साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडं असाल तर तुमची जमीन मुरमाड, पाणी धरतच नाही, आणि कास तलावाचं पाणी नळाला येत असेल तर क्षाराचा प्रश्न बहुतेक नाहीच. मग कडा करपल्या त्या उन्हानं आणि पाण्याची पाळी चुकल्यानं असतील, नाहीतर खत जास्त झाल्यानं. मुरमाड जमिनीत खत खरंच लागतं, पण ते शेणखत, आणि रासायनिक दिलंत तर थोडं थोडं विभागून, कारण एकदम दिलेलं पाण्याबरोबर खाली निघून जातं. म्हणजे माझी सगळी खारपडीची कथा तुम्हाला कदाचित लागू नाही, पण डोस वाढवू नका हे लागू आहेच.

पाणी बोअरचं आहे का नळाचं तेवढं कळवा. बोअरचं असेल तर आधी पाणी तपासा, मग माती, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या दुकानात पाऊल टाकू नका.